१००० यार्डासाठी .३०८ की ६.५ क्रीडमूर?

नवा_नेमबाज: मंडळी, ३०० मीटरपर्यंत मित्राच्या रायफलवर बराच सराव झालाय, आता स्वतःची बोल्ट अ‍ॅक्शन (दर शॉटला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल घ्यायचीय, फक्त कागदी टार्गेट, पुढे १००० यार्डापर्यंत जायचंय. कोणत्या काडतुसाची, .३०८ विंचेस्टर घेऊ की ६.५ क्रीडमूर? वाचून वाचून डोकं भंजाळलंय.

वारा_वाचक: ६.५ घे, डोळे झाकून. १४० ग्रेनची (साधारण ९ ग्रॅम) लांबुळकी बुलेट वाऱ्याने कमी सरकते, धक्काही कमी, त्यामुळे शॉट कुठे लागला ते स्कोपमधून स्वतःलाच दिसतं आणि शिकताना तेच सगळ्यात मोलाचं. .३०८ हजार यार्डाच्या आसपास आवाजाच्या वेगाला येऊन टेकते, मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो.

जुनी_बॅरल: पण बॅरलचं (नळीचं) आयुष्य बघा ना! ६.५ ची साधारण २०००-३००० राउंडात उतरणीला लागते, .३०८ ची ५००० सहज काढते. मी वाऱ्याचा अंदाज घ्यायला .३०८ वरच शिकलो, चूक लगेच कळायची.

नवा_नेमबाज: सराव भरपूर करणारे, पण वारा अजून अजिबात जमत नाही, म्हणजे ६.५ च. ट्विस्ट (बॅरलच्या आतला पीळ) किती घेऊ?

वारा_वाचक: १:८, म्हणजे ८ इंचात एक पूर्ण पीळ. आणि सगळे पैसे रायफलीत घालू नकोस रे, चांगला स्कोप आणि गोळ्यांसाठी राखून ठेव.