गाडीची किल्ली हरवलीय, चांगला चावीवाला माहितीय का कोणाला?

शनिवार, संध्याकाळी ७:४२

सी ७०४: मंडळी अर्जंट आहे. मंडईजवळच्या वाहनतळात गाडी लावून तुळशीबागेत गेलो होतो, दिवाळीची गर्दी म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, परत आलो तर खिशात किल्ली नाही. पाकीट आहे मोबाईल आहे, किल्लीच गायब. पुश बटणवाली गाडी आहे. आत्ता येईल असा चावीवाला आहे का कोणाच्या ओळखीत?

सी ६०१: पर्सनलवर नंबर टाकलाय बघ. माझ्या जुन्या गाडीची त्याने रस्त्यावर उभ्या उभ्या करून दिली होती, वीस मिनिटं फक्त

बी ३०१: दादा तुमची ती साध्या पात्याची असणार. यांची स्मार्ट की आहे, आत चिप असते ती गाडीने ओळखावी लागते, नुसतं पातं घासून फार तर दार उघडेल, इंजिन नाही चालू होणार

डी २०२: चावीवाला कशाला? दुसरी किल्ली जिथे असेल तिथे फोन लाव. तुझा मोबाईल दाराला टेकवून धर आणि तिकडच्यांना त्यांच्या फोनजवळ किल्लीचं बटण दाबायला सांग. दार उघडतं. मला आलं होतं फॉरवर्ड.

सी ७०४: आजोबा दुसरी साताऱ्याला आईकडे आहे. थांबा बघतो

सी ७०४: नाही उघडली. आई विचारतेय अजून किती वेळ दाबू. वाहनतळवाला हसतोय

बी ३०१: हसणारच 😀 फोनवरून आवाज जातो हो, किल्ली काय आवाज करते का? ती रेडिओ सिग्नल सोडते, ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, तो फोनच्या माइकला कळतच नाही. हा मेसेज मी कॉलेजात होते तेव्हापासून फिरतोय

डी २०२: बरं. आमच्या फियाटला शेजारच्या फियाटची किल्ली लागायची, कोणाचं काही अडलं नाही.

ए १०२: अहो म्हणूनच चोरीला जायच्या

ए ४०३ (सेक्रेटरी): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया पर्सनलवर बोला.

बी ५०५: बोलू द्या हो, सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे काय झालं सांगते. हे मला सकाळी स्टेशनवर सोडायला आले, किल्ली माझ्या पर्समध्ये, गाडी चालूच होती, मी उतरले, टाटा केला आणि हे तसेच निघाले हिंजवडीला. गाडीने टुंगटुंग केलं असणार पण यांची गाणी जोरात. ऑफिसात पोचून गाडी बंद केली, दुपारी बटण दाबतात तर की नॉट डिटेक्टेड. मी तेव्हा दादरला! रात्री मी परत येईपर्यंत गाडी तिथेच आणि हे कंपनीच्या बसने घरी.

सी ६०१: किल्ली नसताना गाडी चालते कशी पण?

बी ३०१: किल्ली लागते ती चालू करताना. एकदा इंजिन सुरू झालं की किल्ली दूर गेली तरी गाडी नुसती ओरडते, बंद पडत नाही, आणि ते बरोबरच आहे ना, हायवेवर किल्लीची बॅटरी संपली म्हणून इंजिन बंद पडलं तर?

सी ७०४: मॅडम माझं सांगा ना, इथे तासावर पैसे चाललेत

बी ३०१: सॉरी सॉरी. साताऱ्याची किल्ली मागवून घ्या, ते सगळ्यात स्वस्त. टोइंगचं काही करायला जाऊ नका. तुमची ऑटोमॅटिक आहे ना? पी मध्ये असेल तर चाकं लॉक असतात, साध्या टोइंगने ओढली तर गिअरबॉक्सची वाट लागेल. फ्लॅटबेडच लागते, म्हणजे गाडी अख्खी वर चढवून नेणारी.

सी ७०४: ओके. भाऊ उद्या सकाळी येतोच आहे, त्याच्याकडे देते म्हणाली आई. फराळाच्या डब्यात ठेवते म्हणे

ए १०२: आता माझं ऐक. मी ३१ वर्षं विमा कंपनीत काढली. आधी पोलिसांच्या वेबसाइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये किल्ली हरवल्याची नोंद कर, घरबसल्या होते. चोरी झाली असेल तर एफआयआर, हरवली असेल तर ही नोंद. लोक कंटाळा करतात. उद्या गाडीच चोरीला गेली तर कंपनी दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागते, आणि तू एकच दिलीस की पहिला प्रश्न, दुसरी कुठे? मग तू आठवत बसणार तुळशीबाग की लक्ष्मी रोड. पॉलिसीत की रिप्लेसमेंट ॲड-ऑन घेतलंय का तेही बघ, साध्या पॉलिसीत किल्ली धरत नाहीत.

सी ७०४: काका पॉलिसी गाडीतच आहे

ए १०२: ईमेलवर असेल रे. शोध.

रविवार, दुपारी १:१५

सी ७०४: गाडी घरी आली. भावाने किल्ली आणली, चकलीचं तेल लागलंय पण चालली. शोरूमला फोन केला, नवीन स्मार्ट कीचं तोंडी कोटेशन साडेबारा हजार, प्रोग्रामिंग धरून. आरसी आणि आधार घेऊन या, गाडी घेऊन या आणि असेल ती किल्लीपण आणा म्हणाले. एवढं काय असतं त्या प्लास्टिकमध्ये?

सी ६०१: माझा चावीवाला करेल की निम्म्यात. लॅपटॉपसारखं मशीन आहे त्याच्याकडे, स्टेअरिंगखाली जोडतो

बी ३०१: करतात, बऱ्याच गाड्यांना होतंही. ते स्टेअरिंगखालचं ओबीडी पोर्ट, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा. माझं मत विचाराल तर अनोळखी माणसाला गाडीची प्रोग्रामिंग करू देणं म्हणजे घराची किल्ली बनवायला देऊन स्वतः चहाला जाण्यासारखं आहे. कोणाकडेही करा, पण हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून डिलीट करून घ्या, नुसती नवीन वाढवू नका. त्यासाठीच उरलेल्या सगळ्या किल्ल्या समोर लागतात. आणि स्मार्ट कीच्या पोटात एक बारीक धातूची किल्ली असते ना, ती दाराच्या कुलपाप्रमाणे कापलेली असते, ती डिलीट नाही होत. दार तिने उघडेलच, गाडी चालू होणार नाही एवढंच.

डी २०२: धातूची किल्ली आत असते? माझ्या जावयाच्या गाडीत किल्लीची बॅटरी लो म्हणून येतंय दोन महिने.

बी ३०१: आजोबा सेल बदला, बहुतेक सीआर २०३२ असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. संपलाच तर त्या धातूच्या किल्लीने दार उघडायचं आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबायचं. आतल्या चिपला बॅटरी लागत नाही, गाडीच तिला जवळून वीज देते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये असतं

रात्री ९:३०

सी ६०१: *फॉरवर्डेड* सावधान!! काल रात्री पुण्यात दोन चोरांनी किल्ली नसताना ३० सेकंदात गाडी पळवली, व्हिडिओ बघा, सर्व ग्रुपवर पाठवा

बी ३०१: हा पुण्याचा नाही, इंग्लंडचा आहे. २०१७ ला वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी दिला होता. नंबर प्लेट बघा की. पण प्रकार खरा आहे. एक जण यंत्र घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडी हँडलजवळ मीटर दीड मीटरपर्यंतच हाक मारते, किल्ली आहेस का म्हणून. ही यंत्रं ती हाक घरातल्या किल्लीपर्यंत नेतात, किल्ली बिचारी हो म्हणते, गाडीला वाटतं मालक शेजारीच उभाय. किल्लीचा कोड दर वेळी बदलतो पण त्याचा उपयोग नाही, कारण ते कोड फोडतच नाहीत, फक्त पोचवतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी २०११ ला ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर करून बघितलं होतं, दहाच्या दहा फसल्या.

बी ५०५: अगं बाई. आमची किल्ली दाराशेजारच्या खुंटीवरच असते

ए १०२: मग उपाय काय?

बी ३०१: नव्या काही किल्ल्या हलवल्या नाहीत की झोपतात, काहींत यूडब्ल्यूबी नावाचं रेडिओ तंत्र असतं, म्हणजे सिग्नलला यायला किती वेळ लागला त्यावरून गाडी अंतर मोजते. जुन्यांना सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं, नाहीतर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. पण डबा तपासून घ्या, गाडीशेजारी किल्ली डब्यात घालून उभं राहायचं आणि हँडलचं बटण दाबायचं. उघडली तर डबा बाद.

बी ५०५: चिवड्याचा स्टीलचा डबा फेल. उघडली

सी ७०४: आमचा कॉफीचा पास!! फराळाचा फेल, झाकण सैल आहे

ए १०२: आमच्या हिने साबुदाण्याचा रिकामा करून दिलाय, खाली येतोय.

ए ४०३ (सेक्रेटरी): रात्रीचे साडेदहा वाजलेत. पार्किंगमध्ये डबे घेऊन गाड्या उघड-बंद कोण करतंय, वॉचमन घाबरून माझ्याकडे आलाय.

ए ४०३ (सेक्रेटरी): आणि पितळी डबा चालेल का?