विषय: करडी धूळ आणि तांबडी धूळ

प्रेषक: सुनीता (मस्कत)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराची डागडुजी पावसाळ्याआधी करून घ्यायची आहे आणि त्यासाठी मंडळातील जाणकारांकडून एका गोष्टीचा खुलासा हवा आहे. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत घरात सारखी धूळ साचते, आणि वाडीतल्या बहुतेकांचे म्हणणे असे की ती ‘तुमच्या आखातातूनच’ येते. २०२२ च्या जानेवारीत मुंबईवर जो धुरकट पडदा पसरला होता, त्याच्या बातम्या टीव्हीवर पाहिल्यापासून हा समज फारच पक्का झाला आहे. म्हणून समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा बसवाव्यात, असे घरात घाटते आहे. घराच्या पूर्वेला साधारण अर्ध्या किलोमीटरवर चिरेखाण (जांभा दगडाची खाण) आहे आणि तिचा कच्चा रस्ता आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जातो, हेही सांगून ठेवते.

मस्कतला माझा अनुभव वेगळा आहे. येथे समुद्रावरून येणारा वारा दमट असतो, पण स्वच्छ असतो. पश्चिमेचा कोरडा वारा शहरामागची ‘अल् हजर’ ही डोंगररांग उतरून खाली येतो तेव्हा मात्र गाड्या, गॅलऱ्या, सारे काही धुळीने माखते. मग कोकणात समुद्राकडून धूळ कशी येईल?

आपली,
सुनीता

प्रेषक: विनायक (वेंगुर्ले)

सुनीताताई, सप्रेम नमस्कार.

वाडीतल्या लोकांचे म्हणणे निराधार नाही, पण ते वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरतेच खरे आहे, आणि खिडक्यांचा निर्णय त्या दिवसांवर बेतू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आखातातल्या एका विमानतळाच्या हवामान कक्षात नोकरी झाली असल्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

कोरड्या, उघड्या जमिनीवर वाऱ्याचा वेग ताशी २०-२५ किलोमीटरच्या पुढे गेला की वाळूचे कण हलू लागतात. गंमत अशी की आधी हलतात ते सुमारे ०.१ मिलिमीटरचे कण. त्याहून बारीक माती एकमेकींना चिकटून बसलेली असते, आणि उड्या मारत जाणारे वाळूचे कण तिच्यावर आदळतात तेव्हाच ती सुटून हवेत चढते. तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यावरून आखाताच्या लांबीने वाहणारा शमाल हा वायव्येचा वारा जून-जुलैत हेच काम करतो. दिवसा जमीन तापून वरची वेगवान हवा खाली मिसळते, त्यामुळे दुपारी धूळ जोरात उठते; रात्री जमिनीलगतचा वारा पडतो, पण काहीशे मीटर उंचीवर तो वाहतच असतो आणि वर गेलेली धूळ पुढे नेत राहतो.

आता ती कोकणापर्यंत पोहोचते का, हा साध्या हिशेबाचा प्रश्न आहे. १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे एक किलोमीटर उतरायला त्याला जवळजवळ दीड दिवस लागतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा तेवढ्या वेळात त्याला बाराशे किलोमीटरहून अधिक दूर नेतो. मस्कतपासून वेंगुर्ले सरळ रेषेत १८०० किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा दोन-तीन मायक्रॉनची पूड सहज येऊ शकते, भरड माल समुद्रातच पडतो. २०२२ च्या २२-२३ जानेवारीला नेमके हेच झाले. पश्चिमी विक्षोभाच्या, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या पट्ट्याच्या, मागोमाग आलेल्या जोरदार वाऱ्याने पाकिस्तानच्या किनाऱ्याकडची धूळ अरबी समुद्रावरून सौराष्ट्र आणि उत्तर कोकणात आणली, मुंबईत गाड्यांच्या काचांवर पांढुरकी भुकटी बसली आणि दिवसाचे कमाल तापमान २४ अंशांच्या आसपासच राहिले. मात्र असा योग जुळून यायला तेथे वादळ उठावे लागते, वाटेत पाऊस नसावा लागतो आणि दोन दिवस वाऱ्याने दिशा सोडायची नसते.

आपल्या घरातली धूळ मात्र बोटांवर घेऊन चोळून पाहावी. वाळवंटातून आलेली पूड मैद्यासारखी मऊ आणि करडी लागते. जांभ्याची धूळ खरखरीत असते आणि पांढऱ्या कापडावर पुसली तर तांबूस डाग पडतो. तो डाग पडला, तर गुन्हेगार गडग्यापलीकडेच आहे. कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी उडालेले ५० मायक्रॉनचे कण सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास खाली येतात, त्यामुळे हलक्या वाऱ्यात ते पन्नासेक मीटरच्या आतच बसतात. अर्ध्या किलोमीटरवरच्या खाणीपेक्षा कुंपणालगतचा रस्ता जास्त छळतो तो यामुळेच.

यात वाऱ्याचे वेळापत्रक मिसळा. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, म्हणजे आपल्याकडे पूर्वेकडून. दुपारच्या सुमारास ती पडते आणि खारा वारा सुरू होतो, तो सूर्यास्तापर्यंत टिकतो. चिऱ्यांचे ट्रक सकाळीच सुटतात. त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उठत नाही, आणि तीच धूळ घेऊन आपल्या मागील दारातून आत शिरते. दुपारी पश्चिमेच्या खिडक्यांतून येतो तो त्या मानाने स्वच्छ वारा. त्याच खिडक्या कायमच्या बंद करणे म्हणजे घरातली साचलेली धूळ बाहेर जायची वाट बुजवणे होय.

स्नेहांकित,
विनायक

प्रेषक: अनिरुद्ध (बहारीन)

विनायकराव, आपला हिशेब पटला, परंतु समुद्राकडचा वारा स्वच्छ हे विधान सरसकट करू नये, असे मला वाटते. आम्ही चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या बेटावर राहतो, आणि शमाल आमच्याकडे पाण्यावरूनच धूळ घेऊन येतो. शिवाय मतलईने सकाळी समुद्रावर ढकललेली घाण दुपारचा खारा वारा परत आणत नाही का? २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा कितीतरी दिवस बिघडलेली होती; समुद्र शेजारी असून त्याचा उपयोग झाला नाही.

प्रेषक: विनायक (वेंगुर्ले)

अनिरुद्धराव, आक्षेप रास्त आहे. वारा शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये कोठून आला याला फारसे महत्त्व नाही. त्याआधीचे दोन दिवस तो कोणत्या जमिनीवरून गेला, हे पाहायचे. बहारीनच्या वाऱ्यामागे थोडेसे पाणी आणि त्यापलीकडे इराकचे सपाट मैदान असते. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यामागे बहुतेक दिवशी शेकडो किलोमीटर समुद्रच असतो. सकाळची धूळ दुपारी परत येते हे खरे आहे, पण ती बारीक आणि पुष्कळ पातळ झालेली असते. भरड भाग पाण्यात गेलेला असतो. मुंबईत उत्सर्जनच अफाट आहे. तेथे त्या हिवाळ्यात वारे मंदावले आणि जमीन-समुद्राची रोजची अदलाबदल बिघडली. काही संशोधकांनी त्याचा संबंध लागोपाठ तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या स्थितीशी, जोडला आहे. खाऱ्या वाऱ्यातले मीठही पीएम १० च्या, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, मोजणीत धरले जाते, म्हणून किनाऱ्यावरचा आकडा पाहताना तो सगळा धुळीचा समजू नये.

मस्कतला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे सुमारे ३०००, पण जवळजवळ सगळा चार-साडेचार महिन्यांत. उरलेला काळ कातळावरची उघडी जमीन वाळवंटासारखीच वागते. शमालच्या ऐन भरात, जून-जुलैत, येथे मात्र ती धूळ आपल्याला जाणवत नाही, कारण खालून नैर्ऋत्य मोसमी वारा वाहत असतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. आखाताकडची धूळ त्या वाऱ्याच्या वरच्या थरातून जाते.

सुनीताताई, उपायाचे सांगतो. पूर्वेचा गडगा उंच करू नका. भरीव भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे भोवरा घेऊन धूळ अंगणातच टाकतो. निम्मा वारा गाळून पुढे जाऊ देणारे जिवंत कुंपण उत्तम: खाली करवंदीची जाळी, तिच्यामागे उंडी आणि करंज. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला जाणवतो. रोपे वाढेपर्यंत ट्रकवाल्यांना रस्त्यावर सकाळी पाणी मारायला आणि वेग कमी ठेवायला सांगावे. वेग निम्म्यावर आला तरी धूळ बरीच कमी उडते. सासूबाईंनी सकाळी पूर्वेची दारे मिटून घ्यावीत, केर ओल्या फडक्याने काढावा आणि पश्चिमेच्या खिडक्या दुपारी उघडाव्यात.

प्रेषक: सुनीता (मस्कत)

विनायकदादा, अनिरुद्धराव, मनापासून आभार. दिरांनी आज खिडकीच्या चौकटीवरची धूळ पांढऱ्या रुमालावर पुसून फोटो पाठवला. डाग तांबूस आहे. काचांचे काम रद्द केले आहे. खाणमालक ओळखीचे आहेत, त्यांच्याशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलणे या आठवड्यात होईल. उंडीची रोपे तालुक्यात कोणाकडे मिळतील, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया येथेच कळवावे, म्हणजे पहिल्या पावसात लागवड करता येईल.