अनुभव धागा: उन्हातलं काम आणि आपली कातडी

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की गावोगावी उष्माघाताची चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. पण वांगाने भरलेले गाल, मानेवरची राठ काळी कातडी, सोललेले ओठ यांचा विषय निघाला की "वावरात जाणाऱ्याला हे चालायचंच" म्हणून संपतो. मला ते मान्य नाही. विदर्भात ज्यांचा दिवस उन्हात जातो त्यांनी इथे लिहा. गोरं होण्याचे उपाय नकोत. कातडी कशी सांभाळता ते सांगा.

हिंगणघाटकडून, कापूस
आम्ही बाया साडीवर घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतो. बोंडाची टोकं ओरबाडत नाहीत आणि ऊनही लागत नाही. दुपट्टा कपाळावर खाली ओढायचा, नाकावरून आडवा न्यायचा, टोक मागे मानेवर खोचायचं. मान उघडी राहिली तर बांधणं फुकट. नवीन दुपट्टा घेताना मी उन्हाकडे धरून बघते. आरपार दिसलं तर परत ठेवते. वेचणी थंडीत असते, ऊन चटकत नाही, म्हणून बऱ्याच जणी डोकं-तोंड उघडंच ठेवतात. पण कातडी काळवंडते ती अतिनील किरणांनी, आणि ते थंडीतही असतात.

अकोला जिल्हा, लिंबाची बाग
लिंबाचा रस लागलेले हात उन्हात राहिले की एक-दोन दिवसांनी लाल चट्टे उठतात, कधी फोड येतात, मग कित्येक आठवडे तपकिरी डाग राहतात. लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं ऊन लागलं की कातडी भाजतात. तोडणीच्या वेळी बांधावर साबण आणि पाण्याची कॅन असतेच. काळेपणा जावा म्हणून तोंडाला लिंबू चोळून उन्हात निघणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दारव्हा तालुका
बाबांचा चेहरा, पापण्या, मान दरवर्षी खाजून जाड व्हायची. सगळे म्हणायचे उन्हाची ॲलर्जी. त्वचारोगतज्ज्ञांनी चाचणी केली तेव्हा मूळ निघालं गाजर गवत. उन्हाने ते फक्त आणखी चिघळायचं. आता ते गवत बाबा उपटत नाहीत, फुलण्याआधी आम्हीच हातमोजे घालून काढतो.

बुलढाणा जिल्ह्यातून
माह्या पोरीच्या गालावर वांग आले होते. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब देली. पयले चेहरा उजयला, आमी खूष. मंग कातडी अशी पातळ झाली का चुलीपाशी बसलं तरी आग होये. गालावर लाल शिरा दिसाले लागल्या. उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं तिले. डॉक्टरीनबाईनं ट्यूब पायली अन् म्हने, यात क्लोबेटासोल हाय, हे स्टेरॉईड. वांग उन्हानं वाढते, त्याले ऊन लागू न देनं हाच पयला इलाज, हे आमाले तवा कोनी सांगतलंच नाही.

धागाकर्ती
ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका. आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

धानोरा, गडचिरोली, आशा सेविका
तेंदूपत्त्याला लोक पहाटे जातात आणि ऊन चढायच्या आत परततात, त्यांचं बरं आहे. माझ्या गृहभेटी दुपारपर्यंत चालतात. छत्री, पदर आणि उघड्या भागाला सनस्क्रीन. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवर लिहिलेला ऊन अडवण्याचा आकडा, 30 असला तरी पुरेसं आहे, ते भाजणारे किरण सुमारे 97 टक्के अडवतं. 50 साठी जास्त पैसे घालायची गरज नाही. फक्त लावायचं भरपूर: चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. असं लावलं तर ट्यूब लवकर संपते आणि मजुरीच्या पैशात ती बसत नाही. म्हणून गावात मी आधी कापडच सांगते.

ब्रह्मपुरीजवळून, धान
मला हातांवर आणि ओठांवर कोड आहे. पांढऱ्या जागी रंगद्रव्य नाही, त्यामुळे ती जागा थोड्या उन्हातही भाजते. रोवणीत आभाळ भरलेलं असलं तरी किरणं येतातच, बांधीतल्या पाण्यावरूनही उलटतात. ओठांना सनस्क्रीन असलेला बाम चालतो. हात मात्र सारखे चिखलात, काहीच टिकत नाही, आणि रबरी मोज्यांत रोप नीट धरता येत नाही. रोवणीत हातांसाठी कुणी काय वापरतं?