चौथा हेन्री, भाग १: हॅल सुधारतो, की नुसता मुखवटा काढतो? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

तळटीप: शेक्सपियरच्या या नाटकातला युवराज हॅल, म्हणजे राजा चौथ्या हेन्रीचा मुलगा, आधी वाया गेलेला आणि श्रुजबरीच्या लढाईत सुधारलेला, असं सर्रास लिहिलं जातं. मला पटत नाही. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात गुत्त्यातला सोबती पॉइन्झ याची पाठ फिरताच हॅल गद्य सोडून पद्यात शिरतो: तुम्हा सगळ्यांना ओळखून आहे, ढगाआडच्या सूर्यासारखा वेळ पाहून बाहेर येईन. म्हणजे गुत्ता, तिथला लठ्ठ दारुडा दोस्त सर जॉन (जॅक) फॉल्स्टाफ, सगळं नेपथ्यच.

विंगेतून: असहमत. स्वगत म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. उद्यापासून पहाटे उठणारा माणूसही ठासूनच बोलतो. आणि शेवट बघा. मेल्याचं सोंग घेतलेला फॉल्स्टाफ उठून, हॅलनं मारलेल्या बंडखोर हॉटस्परच्या प्रेताच्या मांडीत तलवार खुपसतो आणि ‘मीच मारला’ म्हणून मिरवतो. ज्या विजयाचा शब्द बापाला दिला, तोच हॅल सोडून देतो. वर म्हणतो, खोट्यानं तुझं भलं होणार असेल तर मी त्याला मुलामा चढवतो. हिशेबी माणूस असा गप्प बसेल?

तळटीप: मग गुत्त्यातलं नाटकातलं नाटक? हॅल राजा झालाय, फॉल्स्टाफ हॅल. फॉल्स्टाफ स्वतःबद्दलच म्हणतो, ‘जाड्या जॅकला हाकललंत तर अख्खं जग हाकललंत’; यावर हॅलचं उत्तर एवढंच: ‘हाकलतोय. हाकलणार.’ लगेच दारावर थापा. दोन्ही वाक्यं एका दमात टाकली की प्रसंग वाया गेला, निव्वळ थट्टा उरते. पहिलं खेळातल्या राजाचं, दुसरं होणाऱ्या राजाचं. मधे थांबायलाच हवं.

चिलखत: फॉल्स्टाफसाठी गळा काढणाऱ्यांनी चौथा अंक पुन्हा वाचावा. सैन्यभरतीत ऐपतवाल्यांना पैसे घेऊन सोडलं, १५० जणांच्या बदल्यात तीनशेवर पौंड खाल्ले आणि फाटकी माणसं पुढे नेली. त्यांतली तीनसुद्धा जिवंत उरली नाहीत. ‘इभ्रत म्हणजे काय? शब्द. शब्द म्हणजे? हवा’ हे ऐकायला झकास, पण हवा खाऊन मेले ते दुसरेच. त्याच्या खिशातल्या बिलात दारू पाच शिलिंग आठ पेन्स, पाव अर्ध्या पेनीचा!

शाईसांडी: हॉटस्परचं वयही लक्षात घ्या. खरा हॉटस्पर १३६४ चा, खुद्द राजाहून मोठा. १४०३ साली श्रुजबरीला हॅल जेमतेम सोळाचा. नाटकात दोघं बरोबरीचे केलेत, म्हणून तर पाळण्यातच पोरं बदलली असती तर बरं, असं राजा म्हणू शकतो. तुलना अशी मुद्दाम रचल्यावर हॅलचं बापाला दिलेलं उत्तर ऐका: पर्सी (म्हणजे हॉटस्पर) माझा अडत्या आहे, माझ्यासाठी कीर्तीचा माल साठवतोय, एके दिवशी पै-पैचा हिशेब घेईन. ही पश्चात्तापाची भाषा की पेढीवरची?

विंगेतून: पेढीवरचीच. पण समोर कोण बसलंय? आधीच्या राजाची, दुसऱ्या रिचर्डची, गादी बळकावलेला माणूस. त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार?