धनुष्याच्या टोकावरील पट्टीचे तंतू उभे ठेवावेत की आडवे?

उतावीळ_बाण: प्रत्यंचेच्या खाचेसाठी टोकाच्या पाठीवर चिकटवतात त्या लाकडी पट्टीचे तंतू कोणत्या दिशेने असावेत? दुसरी पट्टीही उडाली असून तिसरी आज रात्रीच चिकटवायची आहे, तेव्हा कृपया थोडक्यात सांगावे.

कानस: लाकूड कोणते, प्रत्यंचा कशाची आणि पट्टी इपॉक्सी गोंदापासून सुटली की मध्येच फाटली, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

उतावीळ_बाण: लाकूड अर्थातच शिसवी आहे. प्रत्यंचा पूर्वी डेक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची होती, आता जवळजवळ न ताणणाऱ्या धाग्याची आहे. खाचेपासून मुठीच्या बाजूला नखाएवढी ढलपी निघाली. तिच्याखालचा थर मात्र अजून घट्ट आहे.

शिंगप्रेमी: लाकडाचा नाद सोडून शिंग वापरावे. मी गेली कित्येक वर्षे दुसरे काही लावलेले नाही.

उभी_वलये: शिंगाबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही. तंतू धनुष्याच्या लांबीला समांतर हवेत, कारण प्रत्यंचेचा फास पट्टीला मुठीकडे रेटतो. तंतू उभे असतील तर तो दाब त्यांच्या टोकांवर येऊन लांबीभर वाटला जातो, पण आडवे असतील तर फास त्यांना समांतर बसून पाचरीसारखा दोन तंतूंमध्ये शिरतो. शिवाय लाकूड दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, त्यामुळे आडवी पट्टी आणि खालचे लाकूड यांची ओढाताण होते.

कानस: पहिले कारण मान्य आहे, दुसरे एवढ्याशा टोकाला लावणे म्हणजे अतिशयोक्ती झाली. मला खरी शंका नव्या प्रत्यंचेची आहे, कारण न ताणणारा धागा बाण सुटताना बसणारा हिसका जिरवत नाही.

मेणबत्ती: प्रत्यंचेला मेण नियमित लावत जावे.

कानस: मेणाने पट्टी फाटायची थांबत नाही. उतावीळ_बाण, ढलपीची फाटलेली बाजू भिंगातून पाहून रेषा कुठे जातात ते सांगा.

उतावीळ_बाण: पाहिली. रेषा सरळ आडव्या आहेत. फळीची लांबी वाया जाऊ नये म्हणून मी दोन्ही पट्ट्या रुंदीतून कापल्या होत्या, हे लिहायचे राहिले.

उभी_वलये: मग नवी पट्टी लांबीतून कापा. शिसवी तेलकट असते, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि इपॉक्सी पूर्ण कडक झाल्याखेरीज खाच पाडू नका.

उतावीळ_बाण: म्हणजे आज रात्री बाण मारता येणार नाही तर.