जबडा लांबवताना ग्रोथ फॅक्टर वापरावे का? सल्ला हवा (नाशिक)

गंगापूररोडकर:
नमस्कार. माझी भाची चौदा वर्षांची आहे. लहानपणी पडल्यामुळे तिच्या जबड्याचा सांधा जखडला आणि खालचा जबडा वाढायचा राहून गेला. सांधा मोकळा करून झाला आहे; आता डिस्ट्रॅक्शनने, म्हणजे हाड कापून आणि त्यावर बसवलेले यंत्र किल्लीने रोज थोडे फिरवून, जबडा लांबवायचा आहे. एका खासगी दवाखान्यात, हाड कापलेल्या जागी बीएमपी (हाड तयार व्हायला चालना देणारे प्रथिन, एक ग्रोथ फॅक्टर) ठेवल्यास ते लवकर भरेल, असे सांगून त्याचा मोठा खर्च वेगळा लिहून दिला. मात्र हे मुलांना चालते का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. हा खर्च करावा का?

मुखशल्य_निवृत्त:
माझ्या मते करू नये. डिस्ट्रॅक्शनमध्ये हाड कापल्यावर साधारण ५ ते ७ दिवस थांबतात आणि मग रोज सुमारे १ मिलिमीटर, बहुधा सकाळी अर्धा व संध्याकाळी अर्धा, अशी फट वाढवतात. या ताणामुळे फटीतील पेशी स्वतःच बीएमपीसारखे घटक तयार करू लागतात. अमेरिकी शल्यचिकित्सक मॅकार्थी यांनी १९९२ मध्ये मुलांचे खालचे जबडे याच पद्धतीने लांबवल्याचे प्रसिद्ध केले, ते केवळ ताणाच्या बळावर. सशांवरील प्रयोगांत बाहेरून दिलेल्या बीएमपीने नवे हाड लवकर घट्ट झाल्याचे दिसले आहे, त्यामुळे कल्पना निराधार नाही. परंतु अमेरिकेत बीएमपी-२ या प्रकाराला २००७ मध्ये जबड्यासाठी मिळालेली मान्यता सायनसखालचे (वरच्या जबड्यावरील पोकळीखालचे) आणि दात काढलेल्या खाचेतले हाड वाढवण्यापुरती आहे, आणि हाडांची वाढ पूर्ण न झालेल्यांना ते देऊ नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. शिवाय त्याने सूज येते. मानेच्या मणक्यात वापरल्यावर श्वासाला अडथळा झाल्याने २००८ मध्ये तेथे इशारा द्यावा लागला होता, आणि मागे राहिलेल्या जबड्यामुळे श्वासमार्ग आधीच अरुंद असतो. भाची झोपेत घोरते का?

गंगापूररोडकर:
हो, आणि मध्येच दचकून उठते. मग पीआरएफ (रक्तापासून केलेला, ग्रोथ फॅक्टर असलेला जेलसारखा गोळा) कसे? तेही सुचवले होते.

मुखशल्य_निवृत्त:
मग झोपेची तपासणी शस्त्रक्रियेआधीच करून घ्या. पीआरएफ रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून करतात, म्हणून धोका कमी आणि खर्चही थोडा; पण ते घातल्याने जबड्यावरचे यंत्र लवकर काढता येईल, असे कोणी सांगितल्यास मान्य करू नका. हाड घट्ट होण्यासाठी ताणणे संपल्यावर निदान ८ ते १२ आठवडे यंत्र तसेच राहू द्यावे लागते आणि ते ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) पाहूनच काढावे. दुसरे मत दंत महाविद्यालयाच्या मुखशल्य विभागात घ्या. नाशिकमध्ये सोय झाली नाही, तर मुंबईत नायर दंत रुग्णालय आहे.

सिन्नरचा_बाबा:
ताई, आमच्या मुलाला यातले काहीही घातले नव्हते आणि हाड व्यवस्थित भरले. आमची चूक वेगळीच होती: पाहुण्यांच्या गडबडीत एका संध्याकाळची किल्लीची फेरी राहिली, म्हणून मी दुसऱ्या सकाळी दोन्ही एकदम फिरवणार होतो. डॉक्टरांनी फोनवर थांबवले. त्यानंतर दिनदर्शिकेवर सकाळची खूण निळी आणि संध्याकाळची लाल, अशी पद्धत ठेवली, आणि कोणत्या बाजूला फिरवायचे त्याचा बाण किल्लीवर नेलपॉलिशने काढून घेतला. किल्ल्या मात्र दोन मागून घ्या; आमची एक मोरीच्या जाळीतून गेली.