एपिक्समध्ये मेन सर्व्हर नक्की असतो कुठे?

चाकणचा पीएलसीवाला:
८ वर्षं झाली पीएलसी-स्काडा (कारखान्यातली मशीन चालवणं आणि स्क्रीनवर बघणं) करतोय. मध्ये इंदूरला जाऊन इंडस-२ (इलेक्ट्रॉन गोल फिरवणारा कणत्वरक) बघून आलो, तेव्हापासून ते मशीन डोक्यातून जातच नाहीये, म्हणून एपिक्स (अशी मोठी यंत्रं चालवायचं कंट्रोल सॉफ्टवेअर) शिकायला घेतलंय. आमच्याकडे एक स्काडा सर्व्हर, सगळे टॅग (सेन्सर, मोटर वगैरेंच्या नोंदी) त्यात, तो बसला की ऑपरेटरला काही दिसत नाही. इथे तसा सर्व्हर शोधतोय तर सापडेचना. दुसरं म्हणजे लॅपटॉपवर सॉफ्ट आयओसी (मशीनचे आकडे नेटवर्कवर देणारा एपिक्सचा प्रोग्रॅम) चालवला, तिथल्या तिथे सीएगेट (आकडा वाचायची कमांड) चालतं, पण घरातल्या दुसऱ्या राउटरमागच्या पीसीवरून पीव्ही (नाव दिलेला एकेक आकडा) मिळत नाही. फायरवॉल बंद करून झाली.

कोथरूडकर:
दादा, मेन सर्व्हर नसतोच! प्रत्येक आयओसी आपापले रेकॉर्ड स्वतःच्या मेमरीत घेऊन बसतो. क्लायंट नेटवर्कवर यूडीपी ब्रॉडकास्टने विचारतो की हे नाव कुणाकडे आहे, ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो आणि मग थेट त्याच्याशीच टीसीपी जोडणी. त्यामुळे एक आयओसी पडला तर त्याचेच पीव्ही जातात, बाकी मशीन चालू. आणि तुमची अडचणही यातच आहे, ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. पीसीवर एपिक्स_सीए_अ‍ॅडर_लिस्ट या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा आयपी टाका, पोर्ट ५०६४.

खोडद रोड:
नाव कुठे शोधायचं हे प्रत्येक सिस्टिमचं वेगळं बरं का. टँगोमध्ये (एपिक्ससारखंच दुसरं कंट्रोल सॉफ्टवेअर) मध्यवर्ती डेटाबेस असतो, डिव्हाइसचा पत्ता त्यात मिळतो, पुढचं बोलणं थेट डिव्हाइस सर्व्हरशी. हे ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनवर सुरू झालं आणि आता एसकेए या रेडिओ दुर्बिणीसाठी तेच घेतलंय, त्यात आपल्या पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचं काम आहे. विद्यापीठाच्या आवारात एवढं चालतं, आपल्या पोरांना ठाऊकच नसतं, याचं खरंच वाईट वाटतं.

जुना इन्स्ट्रुमेंटेशनवाला:
नावांपेक्षा वेळेकडे बघा, खरी रचना तिथे आहे. सर्नच्या एलएचसी कणत्वरकाची रिंग २७ किमी, बीम (कणांचा झोत) एक फेरी ८९ मायक्रोसेकंदात मारतो आणि काही बिघडलं तर साधारण ३ फेऱ्यांत तो बाहेर काढावाच लागतो, नाहीतर मशीनच भाजून निघेल. एपिक्सच्या रेकॉर्डचा ठरलेला सगळ्यात वेगवान स्कॅन (आकडा पुन्हा वाचायचा काळ) ०.१ सेकंदाचा, म्हणजे तोवर बीमच्या हजारभर फेऱ्या होऊन गेल्या! म्हणून इंटरलॉक (धोका दिसताच मशीन थांबवणारी यंत्रणा) वेगळ्या हार्डवेअरवर, टायमिंग वेगळ्या फायबरवर (सर्नचं व्हाइट रॅबिट नॅनोसेकंदाच्याही आत घड्याळं जुळवतं), आणि नेटवर्कवरून फक्त सेटिंग, ट्रेंड, अलार्म. तुमच्या प्लांटमध्ये इमर्जन्सी स्टॉप स्काडातून घेता का? नाही ना, सरळ रिलेला वायर जाते. तेच आहे हे.

चाकणचा पीएलसीवाला:
आयपी टाकला आणि लगेच चाललं, खूप आभार! सर, रिलेचं उदाहरण एकदम पटलं. आता कॅमॉनिटर (आकडा बदलला की ओळ छापणारी कमांड) लावलाय तर सेन्सरच्या नॉइजने ओळींचा पाऊस पडतोय, थांबवू कसा?

कोथरूडकर:
रेकॉर्डमध्ये एमडेल भरा, ०.५ टाकलंत तर त्याहून जास्त बदल झाल्यावरच अपडेट येईल. आर्काइव्हसाठी एडेल वेगळं असतं, तेही बघून ठेवा.